मागच्या सीटवरून दिसणारं पुस्तक

पप्पांची १९९८ची स्प्लेंडर कल्याणहून कोनला येताना नेमकी दुर्गाडी पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये बंद पडायची. पळताना काही त्रास नाही. क्लच दाबून थांबलं की इंजिनाचा आवाज वर जायचा, खाली यायचा, पुन्हा वर, आणि मग गप्प. मागे गोडाऊनकडे निघालेले ट्रक हॉर्न वाजवत उभे. भिवंडी-कल्याण रोडवरच्या तीन गॅरेजांत दाखवली. तिघांनीही एकच केलं. आयडलचा स्क्रू पिळला आणि ‘रेस वाढवलीय’ म्हणाले. दोन दिवस ठीक, मग परत तेच.

मी सॉफ्टवेअरवाला. हे दुखणं मला ओळखीचं वाटलं. सर्व्हर उत्तर द्यायला उशीर करतो म्हणून आपण टाइमआउट वाढवतो आणि तिकीट बंद करतो. बग तिथेच असतो, फक्त दिसेनासा होतो.

त्याच आठवड्यात रॉबर्ट पर्सिगचं ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ दुसऱ्यांदा वाचायला घेतलं. १२१ संपादकांनी नाकारलेलं हे पुस्तक १९७४ साली आलं आणि प्रचंड खपलं. १९६८ मध्ये पर्सिग आपल्या मुलाला, ख्रिसला, मागे बसवून मिनेसोटाहून कॅलिफोर्नियाला गेला, त्या प्रवासावर ते बेतलेलं आहे. हॉस्टेलवर पहिल्यांदा वाचलं तेव्हा ‘क्वालिटी’वरच्या पानांखाली रेघा मारल्या होत्या. या वेळी अडकलो ते आठव्या प्रकरणात.

माइल्स सिटी नावाच्या गावात निवेदक प्लग काढतो. प्लग काळे. आदल्या दिवशी गावात शिरताना आयडल किंचित डगमगत होतं, हे त्याला आठवतं. काजळी आणि डगमग, दोन्ही एकाच गोष्टीची लक्षणं : पेट्रोल जास्त, हवा कमी. स्क्रूला हात लावण्याआधी तो विचार करतो. अंदाज बांधायचा, तो खोटा पडेल अशी परीक्षा घ्यायची, मगच पाना उचलायचा. डीबगिंग शिकवणारं यापेक्षा चांगलं प्रकरण मी कुठल्याही टेक्स्टबुकात वाचलेलं नाही.

मी तसंच केलं. माझा प्लग पांढरट निघाला, म्हणजे पर्सिगच्या उलट : हवा जास्त, पेट्रोल कमी. चोक थोडा ओढला की इंजिन शांत चालायचं, तेही हेच सांगत होतं. मग दोन संशयित उरले. स्लो जेटमध्ये कचरा, किंवा कुठून तरी चोरून आत जाणारी हवा. जेट काढून साफ केला. काही फरक नाही.

इथे मला पर्सिगशी भांडायचं आहे. पुस्तकाच्या सुरुवातीला त्याची गाडी बिघडवणारे मेकॅनिक येतात. दुकानात रेडिओ मोठ्याने चालू, पोरं हसतायत, कामाकडे लक्ष नाही. शेवटी दोष निघतो पंचवीस सेंटच्या एका पिनेत, आणि तोही त्याला स्वतःलाच शोधावा लागतो. तो म्हणतो, ही माणसं आपल्याच कामाची प्रेक्षक आहेत. मला हे मोठ्या आनंदाने पटलं असतं. पण कोनच्या नाक्यावर तासभर उभा राहिलो तेव्हा दिसलं की त्या पोरापुढे पाच गाड्या उभ्या आहेत आणि प्रत्येकाला दहा मिनिटांत निघायचंय. अर्धा दिवस निदान करायचे पैसे कोणी देत नाही. मीही दिले नव्हते. लक्ष देणं हा स्वभाव असेलही, पण त्याला वेळ लागतो आणि वेळेला भाडं पडतं. हा हिशेब पर्सिग करत नाही.

त्याहून मोठी गोष्ट ख्रिसची. अकरा वर्षांचा मुलगा वाटेत पोट दुखतं म्हणतो, चिडतो, रडतो. त्याच्यात मानसिक आजाराची सुरुवात दिसते असं डॉक्टर म्हणालेत, हे बापाला माहीत आहे. मुलगा दिवसेंदिवस त्याची पाठ बघत बसलेला असतो. ज्या माणसाला इंजिनाची बारीकशी डगमग ऐकू येते, त्याला हातभर मागचा पोरगा ऐकू येत नाही.

काही वाचक याला पुस्तकाचा दोष मानतात. मला ते पुस्तकाचं मर्म वाटतं. निवेदक आंधळा आहे, लेखक नाही. म्हणून तर शेवटाकडे दोघं हेल्मेट काढतात, ख्रिस उभा राहतो आणि पहिल्यांदाच बापाच्या खांद्यावरून पुढचा रस्ता बघतो. हाच ख्रिस १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मारला गेला. पर्सिगने पुढच्या आवृत्तीच्या उपसंहारात त्याबद्दल लिहिलं. ते वाचल्यावर ‘क्वालिटी’वरची माझी अधोरेखितं मला पोरकट वाटली. आपण सगळे फिलॉसॉफी कोट करतो आणि मागची सीट विसरतो.

ऐंशीच्या दशकात हिरो होंडाच्या सीडी १००ची जाहिरात प्रसिद्ध होती : पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा. आमच्या घरात स्प्लेंडर तशीच वापरली गेली. पप्पांनी ती वीस वर्षं डाइंगच्या शिफ्टला नेली. अर्धांगवायूनंतर ते ओट्यावर बसून असतात, आणि तेही थोडेसे आम्ही विसरलेल्या यादीतच गेले होते.

जेट बसवून मी गाडी चालू केली. ओट्यावरून आवाज आला, “हवा खेचतेय ती. स्क्रू काय पिळतोस?” बोलताना त्यांची जीभ अडखळते, म्हणून मी बरेचदा अर्ध्यातच ‘हो’ म्हणून मोकळा होतो. या वेळी थांबलो. कुठून, ते विचारलं. त्यांनी इस्त्रीची पाण्याची बाटली आणायला सांगितली आणि कार्ब्युरेटर इंजिनाला जोडतो तिथे फवारायला लावलं. पाणी पडताच आवाज अडखळला. आतली रबरी रिंग कडक होऊन चिरली होती.

रिंग बदलली, तिघांनी पिळलेला स्क्रू परत सैल केला. किती सैल, ते पप्पांनी डोळे मिटून, आवाजावरून सांगितलं. हा बिघाड त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखला होता. त्यांना विचारायला मला तीन गॅरेजं आणि एक अमेरिकन पुस्तक लागलं.