अम्री राजा : ग्रंथाचे मौन आणि शिलालेखांची साक्ष

इस्राएलच्या राजमालिकेत अहाबाचे नाव बहुतेकांच्या परिचयाचे आहे. त्याचा पिता अम्री मात्र उपेक्षित राहिला. ‘१ राजे’ या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात त्याची कारकीर्द थोडक्यात आटोपली आहे. जिम्रीने गादी बळकावताच सैन्याने सेनापती अम्रीस राजा केले. पुढे तिब्नीच्या पक्षाचा पाडाव करून त्याने एकंदर बारा वर्षे राज्य केले, त्यांपैकी सहा तिरसा येथे. शेमेर नावाच्या गृहस्थाकडून दोन किक्कार रुप्यास टेकडी घेऊन तीवर त्याने शोमरोन नगर वसविले. यापुढे निवेदक अम्रीस पूर्वीच्या सर्व राजांहून अधिक दुराचारी ठरवून मोकळा होतो.

शिलालेखांतील चित्र निराळे आहे. १८६८ साली धीबान येथे आढळलेल्या लेखात मवाबाचा राजा मेशा, अम्रीने आपल्या देशास दीर्घकाळ जाचल्याचे नमूद करतो. अश्शूरी लेखांत इस्राएलचे राज्य ‘अम्रीचे घराणे’ म्हणून ओळखले जाते. निमरूद येथे १८४६ साली सापडलेल्या काळ्या स्तंभावर तर अम्रीच्या वंशाचा उच्छेद करणारा येहूही ‘अम्रीचा पुत्र’ ठरला आहे.

यावरून एका थोर राजास ग्रंथकाराने पूर्वग्रहामुळे झाकून टाकले, असे म्हटले जाते. हे मत अर्धेच ग्राह्य वाटते. येथे ‘पुत्र’ हा शब्द वंशाचा नव्हे, राज्याचा वाचक असावा. त्यावरून नावाचा दबदबा सिद्ध होतो, कर्तृत्वाचा तपशील नव्हे. मेशाही तटस्थ साक्षीदार नाही. मवाबाचे दैन्य तो कमोश देवाच्या कोपाचे फळ मानतो. शिलालेख व ग्रंथ या दोहोंचा मापदंड अशा रीतीने धर्माचाच आहे. शिवाय निवेदक अज्ञ नाही. अम्रीच्या उर्वरित पराक्रमासाठी तो वाचकास इस्राएलच्या राजांच्या बखरीकडे पाठवितो. ती बखर आज उपलब्ध नाही, ही आपली हानी होय.

निवेदकाचा खरा दोष अन्यत्र आहे. सीदोनी राजकन्या ईजबेल हिच्याशी झालेला विवाह तो केवळ अहाबाच्या पापांत जमा करतो. अशा सोयरिकीमागे राज्याचे धोरण असणार, आणि त्याचा आरंभ बहुधा अम्रीच्याच काळी झाला असावा. ते धोरण वगळल्याने अहाबाची कथा प्रभावी झाली, पण तिची कारणपरंपरा तुटली.

तरीही टेकडीचा विक्रेता व तिची किंमत या निवेदकानेच जतन केली. इ. स. पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरांनी राज्य बुडविले, तोवर शोमरोन हीच इस्राएलची राजधानी होती. अम्रीच्या मूल्यमापनाचा आरंभ दूषणापासून न करता या व्यवहारापासून करणे अधिक युक्त होईल.