'जिणं आमुचं'मधली श्रद्धा

बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'वर (१९८६) बोलणारे बहुधा आषाढात बायांच्या अंगात येण्यापाशीच थांबतात. पुरंदरच्या वीरगावात जन्मून फलटणला नांदलेल्या बेबीताई आमच्या कऱ्हाटीला परक्या नाहीत. अंगात आले तरच महारवाड्यातल्या बाईला मान, तोही घटकाभर. पुढे खंडोबाच्या जेजुरीत बाबासाहेबांचे भाषण झाले, आणि नवसाची माणसे पोरांच्या शाळेचे बोलू लागली.

पुस्तकात बाबासाहेबांना जवळजवळ देवपण येते, हे मला खटकते. विभूतिपूजेविरुद्ध त्यांनीच १९४९ साली घटना समितीत बजावले होते. पण दुकान सांभाळत, घरच्यांपासून वह्या लपवत वर्षानुवर्षे लिहायचे, फलटणजवळ आश्रमशाळा चालवायची, हे बळ त्याच श्रद्धेचे. आमच्या विहारात वंदनेला गर्दी असते, ग्रामसभेला दोघे-तिघे. मीही पुष्कळदा गेलेलो नाही.