मावळ्याचा आवाज कुणाचा?

आमच्या परंदवडीत काय किंवा मावळातल्या कुठल्याही गावात काय, शिवाजी महाराजांवर काही बसवायचं म्हटलं की पोरं आधी फेटे, भाले, तलवारी जमवतात. बोलायचं काय, हे नंतर. ही सवय मला ‘जाणता राजा’कडून आलेली वाटते. बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या १९८५ सालच्या या महानाट्यात हत्ती होते, घोडे होते, हौशी कलाकारांचा मोठा ताफा होता. फक्त संवाद आधीच ध्वनिमुद्रित केलेले होते. नटाने ओठ हलवायचे. डोळे दिपतात, खोटं कशाला बोलू. पण त्यातल्या मावळ्याला स्वतःचं असं काही म्हणायचं नसतं.

‘जाणता राजा’ हे शब्द समर्थ रामदासांचे, आणि रामदासांचं जन्मगाव जालना जिल्ह्यातलं जांब. गंमत अशी की शिवाजी महाराजांवरचं अगदी उलट्या चालीचं नाटक याच जांबच्या शेतकऱ्यांनी उभं केलं: ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ (२०१२). लेखक गावचेच राजकुमार तांगडे, दिग्दर्शक नंदू माधव, संकल्पना आणि संगीत शाहीर संभाजी भगत यांचं. यम महाराजांना न्यायला येतो, त्यांचे विचार मात्र पृथ्वीवरच राहतात, आणि ते शोधता शोधता गोष्ट भीमनगरात पोचते. घोडा एकही नाही. जलशाचा बाज, मराठवाड्याची बोली, सवाल-जवाब. शेवटाकडे नाटक थोडं भाषणाकडे झुकतं, ते मला खटकतं. तरी सवाल-जवाबात नुसत्या शब्दांवर जी लढाई होते, ती तलवारबाजीपेक्षा जास्त चुरशीची वाटते.

या नाटकाचं कौतुक मात्र चुकीच्या जागी झालं. ‘शेतकरी असूनही किती छान काम करतात!’ असूनही म्हणजे काय? तांगडे आणि मंडळी आधीपासून गावात नाटकं करत होती. ‘आकडा’ हे त्यांचं आधीचं नाटक विजेच्या तारेवर टाकायच्या आकड्याचंच. ज्या बोलीत भारनियमनाला शिव्या घातल्या, तीच पुढे महाराजांवर वाद घालायला कामी आली. हा कसब वर्षानुवर्षांच्या तालमींचा. आपण मात्र त्यावर ‘हौशी’चा शिक्का मारतो. १९५४ पासून चालू असलेल्या राज्य नाट्य स्पर्धेच्या नावातही तो आहे.

मावळाला विषयांचा तुटवडा नाही. ९ ऑगस्ट २०११ला पवना जलवाहिनीच्या विरोधात बऊरजवळ लोक एक्स्प्रेसवेवर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला, तिघांचा जीव गेला. त्यात बायाही रस्त्यावर होत्या. त्यावरचं आमच्या बोलीतलं नाटक मी अजून पाहिलेलं नाही. त्याला फेटा लागणार नाही, हत्ती तर नाहीच. धरणाचं पाणी कुणाचं, यावर दोन तास भांडू शकतील अशी चार माणसं लागतील, आणि ती आमच्या पारावर रोज संध्याकाळी बसलेली असतात.