‘चिथावणे’ आणि ‘डिवचणे’

‘चिथावणे’ व ‘डिवचणे’ ही क्रियापदे समानार्थक मानण्याचा प्रघात वृत्तपत्री मराठीत बळावला आहे. वस्तुतः त्यांतील भेद छटेचा नसून रचनेचा आहे. डिवचण्यास दोघे पुरतात, आणि उसळलेला राग डिवचणाऱ्यावरच उलटतो. चिथावण्यास तिसरा लागतो. एक जण दुसऱ्याला तिसऱ्याविरुद्ध चिथावतो व स्वतः बहुधा नामानिराळा राहतो. म्हणूनच काठीने साप डिवचतात. साप चिथावला, असे कोणी म्हणत नाही.

घोटाळ्याचे मूळ नामात आहे. ‘चिथावणे’पासून ‘चिथावणी’ व ‘चिथावणीखोर’ हे शब्द रुळले. ‘डिवचणे’पासून तसे नाम रुळले नाही. मथळ्याला तर नामच हवे असते. त्यामुळे सीमेपलीकडून होणारा गोळीबारही ‘चिथावणीखोर’ ठरतो. वास्तविक तो डिवचण्याचाच प्रकार होय. नागपुरात या घोटाळ्याला हिंदीच्या शेजाराचे साह्य मिळते. लाकडाच्या वखारींच्या लकडगंजात हिंदी-मराठीची सरमिसळ नित्याचीच. हिंदी ‘उकसाना’ दिव्याची वात वर सारण्यास चालते, जमाव भडकावण्यास चालते आणि समोरच्याला डिवचण्यासही चालते. ही हिंदीची सोय झाली. तिच्यापायी मराठीने आपला भेद गमवावा असे नाही.

न्यायालयात हा भेद शैलीपुरता उरत नाही. डिवचला गेलेला मारेकरी ‘गंभीर व आकस्मिक प्रक्षोभा’चा आधार घेऊन खुनाऐवजी सौम्यतर अपराधाचा दावा करू शकतो, चिथावणारा मात्र ‘अपप्रेरणे’चा अपराधी ठरतो. जुन्या भारतीय दंड संहितेतील ही विभागणी २०२४ पासून अमलात असलेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे. हे मराठी प्रतिशब्द जड खरे, पण त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या राखल्या, हे अनुवादकांचे श्रेय. नानावटी खटल्यात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षोभाचा बचाव फेटाळला, कारण मधल्या काही तासांत आरोपीस भानावर येण्यास अवसर मिळाला होता. या बचावाचे वर्णन ‘आहुजांची चिथावणी’ असे केल्यास मृत मनुष्यच स्वतःच्या हत्येचा प्रेरक ठरतो!

साक्षीदाराचे ‘त्याने मला डिवचले’ हे वाक्य जबानीत ‘त्याने मला चिथावणी दिली’ असे उतरले, की ‘कोणाविरुद्ध?’ हा प्रश्न उभा राहतो. आणि त्याचे उत्तर साक्षीदारापाशी नसते.