मूर्ती विरघळली, पण गेली कुठं?

पितृपंधरवडा संपता संपता आमच्या सोसायटीतल्या जास्वंदीची पानं कडेनं करपायला लागली. आधी कडा तपकिरी, मग अख्खी पानं. माळीकाका म्हणाले, "ताई, कुणीतरी युरिया फेकलाय." युरिया नव्हता, पण काका फार चुकले नव्हते. टाकला होता आमच्या मंडळाच्या पोरांनी, आणि सल्ला माझा होता.

झालं असं, की मंडळानं यंदा प्लास्टरची मूर्ती ड्रममध्ये अमोनियम बायकार्बोनेट घालून विरघळवायची ठरवली. ही पद्धत आपल्या पुण्यातल्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची, आणि महापालिका पावडर वाटते. "केमिस्ट्रीत पीएचडी करतेस ना, मग तूच प्रमाण सांग," म्हणून मला पकडलं. मी प्रमाण सांगितलं, "उरलेलं पाणी झाडांना खत म्हणून घाला" असंही सांगितलं, आणि मंडपाबाहेर बोर्ड लागला : '१०० टक्के पर्यावरणपूरक'. त्या शंभर टक्क्यांबद्दल बोलायचंय.

'पीओपी पाण्यात विरघळत नाही' हे तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. ते अर्धसत्य आहे. पाणी घालून घट्ट झालेलं प्लास्टर म्हणजे जिप्सम. ते एक लिटर पाण्यात दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. म्हणजे ५ किलोच्या मूर्तीला दोन हजार लिटरच्या वर पाणी हवं, तेही ताजं आणि हलतं. हौदात पाणी संपृक्त झालं की पुढचं काम थांबतं. वर ऑइलपेंटचा थर असेल तर पाणी आत शिरायलाच वेळ लागतो.

अमोनियम बायकार्बोनेट (बेकरीवाले बिस्किटं फुलवायला वापरतात तेच) ही अडचण सोडवतं. जिप्सममध्ये कॅल्शियम आणि सल्फेटची जोडी असते. ती मोडते, कॅल्शियम कार्बोनेटबरोबर जातं आणि सल्फेट अमोनियमबरोबर. कॅल्शियम कार्बोनेट पांढरा गाळ होऊन तळाशी बसतं, अमोनियम सल्फेट पाण्यात राहतं. मूर्ती दिसेनाशी होते आणि सगळे टाळ्या वाजवतात. खरं सांगायचं तर मीही वाजवल्या.

पण वस्तुमान कुठं जात नाही, हे आपण आठवीत शिकलोय. हिशोब करून बघा. १ किलो मूर्तीला साधारण ९२० ग्रॅम पावडर लागते. त्यातून ५८० ग्रॅम पांढरा गाळ, ७७० ग्रॅम अमोनियम सल्फेट, आणि पाव किलो कार्बन डायऑक्साइड, जो बुडबुड्यांतून हवेत जातो. बाकीचं पाणी. आमची मूर्ती ६ किलोची, म्हणजे साठ लिटरच्या ड्रममध्ये साडेचार किलोच्या वर अमोनियम सल्फेट. कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, या खतात २१ टक्क्यांच्या आसपास नत्र असतं. म्हणजे जवळपास किलोभर नत्र, एका सोसायटीच्या आठ-दहा कुंड्यांना! किमान वीस-पंचवीस पट पाणी मिसळायला हवं होतं, आणि एवढं खत रिचवायला बागही मोठी हवी होती. हे मी बोलले नाही. 'खत' म्हटलं की प्रमाण आलंच, असं मी गृहीत धरलं. पोरांनी बादल्या भरभरून ओतल्या.

उरलेला निम्मा ड्रम कुणीतरी गटारात रिकामा केला. तिथून तो मुळा-मुठेत. नदीतल्या जलपर्णीला नत्र हवंच असतं. म्हणजे मूर्ती नदीत गेली नाही, पण विसर्जन झालंच. आणि रंग? शिसं किंवा क्रोमियम असलेलं रंगद्रव्य या पावडरीनं निरुपद्रवी होत नाही. ते गाळात बसतं. पहिली पायरी रंग खरवडून वेगळा ठेवायची. ती आम्ही घाई म्हणून गाळली.

ही पद्धत वाईट आहे, असं मी म्हणत नाहीये. तळ्यात वर्षानुवर्षं प्लास्टरचे तुकडे पडून राहण्यापेक्षा ती बरीच बरी. पण ती शेवटची साफसफाई आहे, आणि आपण तिला सणाचं प्रमाणपत्र करून टाकलंय. पावडरसुद्धा आभाळातून पडत नाही. तिच्यातला अमोनिया कारखान्यात, बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायूपासून, प्रचंड दाबाखाली तयार होतो.

शाडूचं काय, विचाराल. शाडूही विरघळत नाही, नुसता सुटा होतो. ही माती गुजरातेतून पेणला येते, पेणहून मूर्ती होऊन आपल्याकडे. ती नदीत सोडली तर गाळच. पण ती सुकवून, चाळून पुन्हा मळता येते. पुण्यात 'पुनरावर्तन' मोहिमेत अशी माती गोळा करून मूर्तिकारांना परत देतात. एवढं एकच वर्तुळ मला पूर्ण होताना दिसतं. कागदाचा लगदा ऐकायला छान वाटतो, पण पाण्यात कुजताना तो तिथला ऑक्सिजन खातो.

आता देखावा. आमचा विषय होता 'वितळणारे हिमनग'. कल्पना चांगली, एका पोरानं प्रकाशयोजना तर सुरेख केली होती. पण थर्माकोलवर २०१८ पासून राज्यात बंदी, म्हणून हिमशिखरं केली सनबोर्डची. सनबोर्ड म्हणजे पीव्हीसीचा फेस. बंदीच्या यादीतलं एक प्लास्टिक काढून यादीबाहेरचं घातलं. तिन्ही बाजूंना फ्लेक्स, मागं डिझेल जनरेटर, आणि पुढं अस्वलाच्या पिल्लाच्या तोंडी पृथ्वी वाचवायचा संवाद. तो ऐकायला जनरेटरवरून आवाज चढवावा लागत होता. परीक्षकांनी मात्र विचारलं एवढंच : मूर्ती कशाची? विसर्जन कुठं? देखावा कितव्यांदा वापरताय आणि उद्या कुठं जाणार, हे विचारलं असतं तर आमचं बक्षीस तिथंच गेलं असतं.

गंमत म्हणजे या प्रश्नाचं उत्तर पुण्याला केव्हाचं माहीत आहे. भाऊसाहेब रंगारी मंडळाची लाकूड आणि भुशाची मूर्ती १८९२ पासूनची, आजही तीच बसते. दगडूशेठची मोठी मूर्तीही विसर्जित होत नाही. दरवर्षी नवी मोठी मूर्ती हवीच, असा काही नियम नाही.

मंडळाच्या बैठकीत मी हे मांडलं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "मग बाप्पा गावाला कसा जाणार?" प्रश्न खरा आहे, आणि रसायनशास्त्रात त्याचं उत्तर नाही. शेवटी ठरलं, मोठी मूर्ती कायमची ठेवायची आणि वीतभर शाडूची बादलीत विसर्जित करायची. खर्चावरून वाद अजून चालू आहे.

हिमशिखरं पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली आहेत. चार फुटी, एकूण सात. कुठल्या मंडळाला हवी असतील तर कळवा, पांढरा रंग अजून चांगला आहे.