तेव्हा कुठे होतात?

युद्धाच्या विरोधात कोणी तोंड उघडलं की समोरून येणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘तेव्हा कुठे होतात?’ मे २०२५ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्यात चार दिवस क्षेपणास्त्रं आणि ड्रोन उडत होते, तेव्हा आमच्या कॉलेजच्या ग्रुपवरही तो आला. जळगावात इंजिनिअर होऊन पुण्या-बंगळुरूला पांगलेली आम्ही साठेक मुलं-मुली. एकाने ‘युद्ध नको’ एवढंच लिहिलं. अर्ध्या तासात उत्तरांचा ढीग. पहलगामला माणसं मारली तेव्हा कुठे होतास? युक्रेनच्या वेळी का गप्प होतास? गाझावर पोस्ट टाकतोस, मग काश्मिरी पंडितांचं काय? हे युद्ध योग्य की अयोग्य, यावर कोणीच बोललं नाही. सगळी चर्चा बोलणाऱ्याच्या हजेरीपटावर झाली.

हा प्रश्न फक्त ट्रोलांचा आहे असं मला वाटत नाही. मराठीत त्याची सगळ्यात धारदार मांडणी मला सापडली ती विनोबांच्या ‘गीता प्रवचने’मध्ये. आणि हे पुस्तक आमच्याच भागातलं आहे. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले. ऐकणारे कैदी होते. त्यांतले एक, अमळनेरच्या शाळेतली मास्तरकी सोडून चळवळीत आलेले साने गुरुजी, ते सगळं लिहून घेत होते. खान्देशातल्या कितीतरी घरांत हे पुस्तक देवघराच्या बाजूला असतं. देवघराच्या बाजूला ठेवलेल्या पुस्तकाचं जे होतं तेच त्याचंही झालंय: त्याला नमस्कार होतो, त्याच्याशी भांडण होत नाही.

मला भांडायचं आहे ते पहिल्याच प्रवचनातल्या एका गोष्टीशी. एक न्यायाधीश असतो. त्याने शेकडो खुन्यांना फाशी दिलेली असते. एके दिवशी त्याचाच मुलगा खुनाच्या आरोपाखाली त्याच्यासमोर येतो, गुन्हाही शाबीत होतो. आता न्यायाधीशाला एकदम उमगतं की फाशी ही फार वाईट गोष्ट आहे, तिने कोणी सुधारत नाही, ती बंद व्हायला हवी. विनोबांच्या मते कुरुक्षेत्रावर अर्जुनाचं हेच झालं. तो काही पहिल्यांदा रणात उतरला नव्हता. आधीच्या लढायांत त्याला संहाराचं दुःख झालं नाही. समोर आजोबा आणि गुरू दिसले तेव्हा मात्र झालं. म्हणजे ती अहिंसा नव्हती, आपल्या माणसांचा मोह होता.

गोष्ट वाचून आपण वरमतो, कारण ती आपल्या सगळ्यांना लागू पडते. बॉम्ब कुठे पडतोय हे बघून आपलं मन हळवं होतं. पण विनोबा तिथेच आणखी एक गोष्ट मान्य करतात आणि ती वाचकांच्या लक्षातून निसटते. ते म्हणतात, अर्जुनाचे मुद्दे चुकीचे नव्हते; महायुद्धानंतर जगाने तेच परिणाम पाहिले. फक्त ते मुद्दे अर्जुनाचे स्वतःचे नव्हते, म्हणून कृष्णाने त्यांना उत्तर न देता थेट मोहावर बोट ठेवलं.

माझा आक्षेप इथे आहे. मुद्दा बरोबर असेल तर तो कोणाच्या तोंडून, किती उशिरा आला याने चुकीचा ठरत नाही. न्यायाधीशाचा गुन्हा मुलासाठी बोलणं हा नाही. त्याआधी शेकडो वेळा तो गप्प बसला, हा आहे. त्यावर उपाय काय? त्याला पुन्हा गप्प करणं? मग तर त्या शेकडोंबरोबर मुलगाही फासावर जाईल आणि आपण म्हणू, बघा, किती समान न्याय झाला! त्याला खरं तर असं म्हणायला हवं: ठीक आहे, तुझ्या मुलामुळे का होईना तुला हे दिसलं. आता बाकीच्या फायलीही उघड.

विनोबांच्या बाजूने एवढं म्हणायला हवं की त्यांनी ही गोष्ट भर चौकात कोणावर फेकली नव्हती. कृष्ण अर्जुनाचा मित्र आणि सारथी आहे. तो त्याचा रथ सोडून जाणार नाही. धुळ्याच्या तुरुंगातले श्रोतेही आपल्या मताची किंमत मोजून आत आलेले होते. अशा माणसांनी स्वतःला विचारलेला ‘माझ्या विरोधात मोह किती?’ हा प्रश्न म्हणजे आत्मपरीक्षण. तोच प्रश्न दुसऱ्याला, जमावासमोर विचारला की त्याची उलटतपासणी होते, आणि मूळ मुद्दा कोणी उघडूनही पाहत नाही. मे २०२५ मध्ये महाराष्ट्रात समाजमाध्यमावरच्या पोस्टवरून अटकही झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाला मध्ये पडावं लागलं. तेव्हा ही उलटतपासणी नेहमीच ग्रुपवर संपते असंही नाही.

विनोबांनी स्वतःला मात्र ही कसोटी लावली आणि ते तिला उतरले. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीयांना न विचारता भारत युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. पुढच्या वर्षी गांधींनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला आणि पहिला सत्याग्रही म्हणून विनोबांना निवडलं. १७ ऑक्टोबर १९४० ला पवनारमध्ये त्यांनी युद्धविरोधी भाषण केलं, २१ तारखेला त्यांना अटक झाली. लढाई युरोपात होती. समोर त्यांचा आजोबा नव्हता, मुलगा नव्हता. विरोध होता तो सगळ्याच युद्धांना.

मग झालं काय? वीस हजारांहून जास्त लोक या सत्याग्रहात तुरुंगात गेले. सरकारला अडचणीत आणायचं नाही म्हणून गांधींनी मोर्चे, गर्दी, संप सगळं टाळलं. डिसेंबर १९४१ मध्ये कैदी सुटू लागले आणि त्याच आठवड्यात जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. युद्ध संपेपर्यंत भारतीय सैन्य सुमारे २५ लाखांवर गेलं होतं. युद्ध थांबवणं हे मोजमाप धरलं तर सत्याग्रह साफ फसला.

तो फसेल, आणि फसायलाच हवा, असं मानणारे लोक तेव्हाही होते. त्यांतला एक मोठा माणूस खान्देशचाच: तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, जन्म धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचा. विनोबा आणि ते, दोघेही वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकलेले. लक्ष्मणशास्त्री मानवेंद्रनाथ रॉय यांच्याबरोबर होते आणि रॉय यांची भूमिका स्पष्ट होती: हिटलर जिंकला तर कसलंच स्वातंत्र्य उरणार नाही, म्हणून या युद्धाला मदत केली पाहिजे. हेच रॉय डिसेंबर १९३६ मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या फैजपूरला काँग्रेस अधिवेशनात होते. साम्राज्यवादी युद्धात भारताने भाग घेऊ नये, ही भूमिका त्या अधिवेशनाने पुन्हा मांडली होती. तीन-चार वर्षांत रॉय यांचा रस्ता वेगळा झाला. बाबासाहेब आंबेडकरही नाझींविरुद्धच्या युद्धप्रयत्नाच्या बाजूने होते आणि जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले.

या लोकांना सरकारचे हस्तक म्हणून उडवून लावणं सोपं आहे, आणि तेव्हा ते झालंही. पण नाझी छळछावण्यांबद्दल आज आपल्याला जे माहीत आहे ते धरून वाचलं, तर फॅसिझमबद्दल रॉय बरोबर होते असंच मला म्हणावं लागतं. त्यांनी विचारलेला प्रश्न ‘तेव्हा कुठे होतात?’ हा नव्हता. तो होता: ‘तुमच्या विरोधाने उद्या कोण जिंकेल?’ युद्धविरोधकांना विचारावा असा प्रश्न हा आहे. तो बोलणाऱ्याची लाज काढत नाही, त्याच्याकडून उत्तर मागतो.

त्या सत्याग्रहात मला सगळ्यात जास्त शिकवणारी गोष्ट मात्र दुसरीच आहे. दुसरे सत्याग्रही होते जवाहरलाल नेहरू. त्यांची पाळी यायच्या आधीच, ३१ ऑक्टोबरला त्यांना अटक झाली आणि चार वर्षांची शिक्षा. नेहरू सगळ्या युद्धांच्या विरोधात नव्हते. फॅसिझमविरुद्ध लढायला हवं असं त्यांचं मत होतं. गुलाम ठेवून आम्हाला लढायला लावू नका, हा त्यांचा आक्षेप. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या सत्याग्रहीचं युद्धाबद्दलचं मतच एक नव्हतं! शुद्ध हेतूची अट दोन नंबरलाच मोडली. तरी गांधींनी दोघांना घेतलं, कारण कृती सारखी होती: जाहीर बोलायचं आणि शिक्षा घ्यायची. आमच्या भाषेत सांगायचं तर आतला कोड वेगळा, बाहेरचा इंटरफेस एक.

त्या कृतीतला आशयही नेमका होता. या युद्धाला माणसं देऊ नका, पैसा देऊ नका. ‘जगात शांती नांदो’ अशी ती प्रार्थना नव्हती. युद्धाला लागणाऱ्या ज्या दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत त्या अडवा, एवढंच तिचं म्हणणं. इथे विनोबांचं दुसरं प्रवचन मला पहिल्यापेक्षा जास्त उपयोगी वाटतं. स्वधर्म शोधत फिरायचा नसतो, तो आपल्या वाट्याला आलेला असतो, जवळच असतो, असं ते तिथे सांगतात. या कल्पनेत धोका आहेच. गीतेत युद्धाचं आणि चातुर्वर्ण्याचं तात्त्विक समर्थन आहे, असं बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय, आणि वाट्याला आलेलं काम म्हटलं की जात लगेच आठवते. पण स्वधर्मातून जन्म काढून टाकला आणि ‘माझ्या हातातलं काम’ एवढाच अर्थ ठेवला, तर निषेध मोजायची एक चांगली पट्टी मिळते.

ती आजच्या निषेधांना लावून बघा. १५ फेब्रुवारी २००३ ला इराक युद्धाविरुद्ध जगभरच्या शेकडो शहरांत लाखो लोक रस्त्यावर आले. पाच आठवड्यांत युद्ध सुरू झालं. २०१८ मध्ये गुगलच्या काही हजार कर्मचाऱ्यांनी अमेरिकी लष्कराच्या प्रोजेक्ट मेव्हनविरुद्ध पत्रावर सह्या केल्या, काहींनी राजीनामे दिले, आणि कंपनीने ते कंत्राट पुढे वाढवलं नाही. लाखोंच्या मोर्चापेक्षा ही पत्रं जास्त चालली, कारण सह्या करणाऱ्यांचे हात त्याच कीबोर्डवर होते. हुरळून जायचं मात्र कारण नाही. मेव्हनचं काम दुसऱ्या कंपन्यांकडे गेलं. एप्रिल २०२४ मध्ये इस्रायलबरोबरच्या प्रोजेक्ट निम्बसविरुद्ध ऑफिसात ठिय्या देणाऱ्यांसह सुमारे ५० जणांना गुगलने काढलं, कंत्राट राहिलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये शस्त्रांसाठी एआय न वापरण्याचं वचनही कंपनीने आपल्या तत्त्वांतून गाळलं.

हीच पट्टी घरी लावली की हात थरथरतो. फैजपूर ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. १९६४ पासून तिथे बंदुकीच्या गोळ्या बनतात. भुसावळला दुसरी फॅक्टरी. माझ्या वर्गातल्या दोघांचे वडील तिथे होते. त्यांची घरं, शिक्षणं, बहिणींची लग्नं त्या पगारावर झाली. ‘माणसं देऊ नका, पैसा देऊ नका’ हे त्यांना कोण सांगणार? बँकांचं सॉफ्टवेअर लिहून टॅक्स भरणारा मी? माझ्या कीबोर्डवरून कुठेच गोळी सुटत नाही, म्हणून मला शांती स्वस्त पडते.

पण सरकारला कुठे दुखतं ते याच कारखान्यांनी दाखवलं. २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या कंपन्या करण्याविरुद्ध कामगार संघटनांनी बेमुदत संपाची घोषणा केली, तेव्हा ३० जूनला संपावर बंदी आणता येईल असा अध्यादेश निघाला आणि ऑगस्टमध्ये त्याचा कायदाही झाला. मागणी नोकरी आणि मालकीची होती, युद्धाची नव्हती. तरीही यंत्रावरचा हात थांबेल या नुसत्या शक्यतेसाठी कायदा करावा लागला. १ ऑक्टोबर २०२१ ला कंपन्या झाल्याच.

मार्गाबद्दलचं भांडण पुढेही मिटलं नाही, आणि ते ‘गीता प्रवचने’च्या वक्त्या-लेखकांतही दिसतं. विनोबांनी उघडपणे अटक स्वीकारली. ज्यांनी त्यांचा शब्द न् शब्द टिपला ते साने गुरुजी १९४२ मध्ये पोलिसांना चुकवत भूमिगत झाले. गांधींना लपून काम करणं मान्य नव्हतं. एकच पुस्तक, दोन माणसं, दोन मार्ग. दोघांनी तुरुंग भोगला.

म्हणून ‘गीता प्रवचने’ वाचणार असाल तर न्यायाधीशाच्या गोष्टीवर थांबू नका. ती स्वतःला सांगायची गोष्ट आहे. दुसऱ्याला विचारायचे प्रश्न दोनच: तुझ्या विरोधाने कोण जिंकेल, आणि तुझ्या हातात असलेलं तू काय अडवतोयस? वरणगावच्या कामगाराला हे विचारायच्या आधी, त्याने हात थांबवला तर त्याच्या घराचा हप्ता कोण भरणार, याचं उत्तर आपल्याकडे हवं. माझ्याकडे अजून ते नाही. १९४० च्या दोन मागण्यांतली पैशाची मागणी माझ्यापर्यंत पोहोचते ती इथे.