माफीचा तराजू

यासुजिरो ओझू या जपानी दिग्दर्शकाचे नाव निघाले की ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) आठवतो. त्याआधी १९४८ साली त्याने ‘वाऱ्यातली कोंबडी’ हा चित्रपट काढला. तो खुद्द ओझूलाही फसलेला वाटे. तरीही तो पाहायला हवा, कारण युद्धानंतरच्या नीतीचा प्रश्न त्यात थेट घरातच विचारला आहे.

युद्ध संपले आहे, पण तोकिकोचा नवरा आघाडीवरून परतलेला नाही. महागाईत एकेक किमोनो विकून ती भाड्याच्या खोलीत लहान मुलाला वाढवते. मुलगा अचानक आजारी पडतो. तो वाचतो, पण दवाखान्याचे बिल उरते. ते भागवण्यासाठी ती एका रात्री शरीर विकते. पुढे नवरा शुइची परततो, तेव्हा ती त्याच्यापासून काही लपवत नाही.

शुइची तो अड्डा शोधत जातो. तिथे त्याला एकवीस वर्षांची मुलगी भेटते. घरासाठी ती हा धंदा करते. तो तिला हात लावत नाही. नदीकाठी बसून तिचे ऐकतो, नोकरी मिळवून देण्याचा शब्द देतो. परक्या मुलीची मजबुरी त्याला कळते, बायकोची मात्र सोसवत नाही. कारण तिथे त्याची स्वतःची इज्जत गुंतलेली आहे. रागाच्या भरात तो तिला ढकलतो आणि ती जिन्यावरून खाली कोसळते. लंगडत ती स्वतःच वर येते. मग तो म्हणतो, झाले ते विसरून जाऊ.

माझा आक्षेप इथेच आहे. मुलासाठी काढलेली तिची ती रात्र आणि त्याचा हा धक्का, दोन्ही एकाच मापाने कसे मोजायचे? काही समीक्षक तोकिकोत पराभूत जपान पाहतात. पण मग जाब एकट्या तोकिकोलाच का? सैनिक म्हणून शुइचीने काय केले, हे चित्रपटात कोणी विचारत नाही. ओझू स्वतः चीनच्या आघाडीवर लढला होता, १९४६ मध्ये सिंगापूरहून मायदेशी परतला होता. म्हणून हे मौन जास्त खटकते.

शेवटी तोकिको नवऱ्याला मिठी मारते. त्याच्या पाठीवर तिची बोटे एकमेकांत घट्ट गुंफलेली दिसतात. ओझूच्या लेखी हा समेट असावा. मला त्यात तिचा सब्र दिसतो. सब्र हा मोठा गुण खरा. पण तो दर वेळी एकाच्याच वाट्याला येत असेल, तर त्या घरात इन्साफ झाला असे म्हणवत नाही.